वरची रेघ

४ जानेवारी

धाकटीची निवड झाली. मंगळावर जाणाऱ्या पहिल्या सहा जणांत माझी सख्खी बहीण आहे, हे वाक्य लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही. ही मुलगी या एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती. लग्न केलं, मोडलं, घरं बदलली, सरावात एकदा खांदा मोडून घेतला, पण हे सोडलं नाही.

फोनवर तिला शब्दच फुटेना. "ताई... ताई..." एवढंच. मग म्हणाली, "पाण्याचं सगळं माझ्याकडे दिलंय. मला सगळे पाणीवाली म्हणायला लागलेत."

तिथे पाणी म्हणजे जमिनीखाली गाडलेला बर्फ. तो खणायचा, वितळवायचा, गाळायचा. प्यायला तेच, त्यातूनच श्वासाला हवा, आणि परतीचं इंधनही त्यातूनच. बर्फ नाही तर परत येणं नाही, म्हणून जिथे बर्फाची खात्री नाही तिथे माणूस उतरवायचाच नाही असा नियम आहे.

आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिला सांगितलं.

"किती दिवस?"

"जाऊन येऊन तीन वर्षं."

"आणि माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन?"

"त्याला मी आहे ना."

"तू आहेसच," आई म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

मला धाकटीचा हेवा वाटतो का, हे मी नीट तपासून बघितलं. नाही वाटत. काळजी वाटते. दोन्हींत फरक असतो आणि तो मला कळतो.

१२ जानेवारी

उतरायची जागा पक्की करायचं काम आमच्या विभागाकडे आलं, आणि विभागात माझ्याकडे. मंगळाभोवती फिरणारं यान खाली रेडिओ लहर सोडतं. एक प्रतिध्वनी जमिनीवरून येतो, दुसरा जमिनीखालच्या थराच्या तळावरून. त्या दोहोंमधल्या वेळावरून खाली काय आहे याचा अंदाज करायचा. मी उभं आयुष्य हेच केलंय.

मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं की माझी बहीण त्या सहांमध्ये आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

बाई आमच्या प्रमुख. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बहीण जाणार म्हणून तर तू डोळ्यांत तेल घालून बघशील. तुझ्याहून जास्त कुणाचं अडलंय?"

बरोबरच होतं त्यांचं.

३ फेब्रुवारी

धाकटी दोन दिवस राहून गेली. केस अगदी बारीक कापलेत, हात खरखरीत झालेत. शीतखोलीत ड्रिल चालवायचा सराव करते, बाहेर आल्यावर बोटांना तासभर काही कळत नाही म्हणाली. आईने तिचे हात आपल्या हातांत धरून चोळले. मी चहा केला. माझे हात बरे आहेत.

जेवताना मी म्हटलं, "अजून विचार करायला वेळ आहे हं. कुणी नावं ठेवणार नाही."

ती हसली. "ताई, ऑगस्टात मी वयाच्या अटीबाहेर जाते. त्याआधी मोहिमेवर शिक्का बसला तर मी आत, नाहीतर कायमची बाहेर. आता कसला विचार करू?"

"तीन वर्षं म्हणजे आई..."

"आईला विचारलंय मी. आई म्हणाली, जा."

आईने मान खाली घालून भात कालवला. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

झोपायच्या आधी धाकटी म्हणाली, "पहिला पेला मी भरणार आणि तोंडाला लावणार. बाकीचे पाच जण मी मरते का ते बघत उभे राहणार." आणि खदाखदा हसली. तिला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं. मलाही हसू आलं. पाठ फिरवल्यावर मात्र रात्रभर झोप लागली नाही.

१९ फेब्रुवारी

अडचण आहे. दोन प्रतिध्वनींमधला वेळ आम्हाला कळतो, पण थर किती जाड आहे हे वेगळं मोजावं लागतं. जाडी आणि वेळ मिळून लहरीचा वेग कळतो. लहर हळू गेली असेल तर बर्फ. सुसाट गेली असेल तर खाली नुसती कोरडी, भुसभुशीत राख.

उतरायच्या मैदानाच्या कडेला एक खोल विवर आहे. त्याच्या भिंतीत थर उघडे पडलेत, कापलेल्या केकसारखे. तिथे जाडी मोजता येते. पण भिंतीत रेघा दोन आहेत. वरची पुसट, मधेमधे तुटलेली. खालची ठळक. थराचा तळ वरच्या रेघेवर धरला तर थर पातळ, लहर हळू, म्हणजे बर्फ. खालच्या रेघेवर धरला तर थर जाड, लहर सुसाट, म्हणजे राख.

मी खालची धरली. जी स्पष्ट दिसते तीच धरायची असते.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, सगळे त्याला फेरतपास म्हणतात कारण तो स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा दोनदा बघतो, तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "हे फोटो भर दुपारचे आहेत. सावल्याच नाहीत. सूर्य खाली आला की वरची रेघ कदाचित नीट दिसेल. उन्हाळा संपेपर्यंत थांबलो तर?"

"तिथला की इथला?"

"तिथला हो. एप्रिल-मेपर्यंत येतील फोटो."

"अहवाल मार्चमध्ये मागितलाय."

"मुदत वाढवून मागता येईल की. तुम्ही मागितलीत तर देतील."

फेरतपासचं असंच असतं. त्याच्यावर सोडलं तर माणूस चंद्रावरसुद्धा गेला नसता.

२५ फेब्रुवारी

आज खूप दिवसांनी गाढ झोप लागली. रविवार म्हणून धाकटीची खोली आवरायला काढली. माझं इस्त्रीचं टेबल आणि आईची जुनी खुर्ची तिथे कोंबली होती, ती बाहेर काढली. गादी उन्हात टाकली. पडदे विटले होते, बाजारात जाऊन नवे आणले, फिकट हिरवे. आई दारात उभी राहून बघत होती.

"कोण येणार आहे?"

"कोण कशाला यायला हवं? घर आहे, साफ नको करायला?"

पडदे छानच दिसतात.

९ मार्च

आज अहवाल मांडला. लांबलचक टेबल, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सहा जणांच्या वतीने धाकटी. मधे बाई, इंजिनियर लोक, आणि वरून आलेले दोन साहेब ज्यांनी पाण्याच्या बाटल्यांशिवाय कशालाही हात लावला नाही.

मी सांगितलं की बर्फाची खात्री देता येत नाही. थर बहुधा कोरडा आहे.

मग धाकटीने हात वर केला. "मॅडम, तुम्ही वरची रेघ का सोडली?"

जन्मात पहिल्यांदा तिने मला मॅडम म्हटलं. तिथे दुसरं काय म्हणणार होती? मी समोरचे कागद सारखे केले. मी म्हटलं, "ती सलग नाही. तिच्यावर सहा माणसांचा जीव टांगता येणार नाही."

फेरतपास भिंतीजवळ बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सावल्यांच्या फोटोंचा विषय काढला नाही, कारण तो विषय कुणी विचारला नाही.

धाकटीने मान हलवली आणि खाली बसली.

नंतर कॉरिडॉरमध्ये तिने मला गाठलं. डोळे लाल होते, पण रडली नव्हती. म्हणाली, "दुसरं कुणी असतं ना ताई, तर मी आत्ता तिथेच भांडले असते. टेबल डोक्यावर घेतलं असतं."

"मग भांड की."

"तुझ्याशी? नाही. तू सांगतेस म्हणजे तसंच असणार." तिने माझ्या दंडावर डोकं टेकलं, लहानपणी टेकायची तसं. "तू माझं वाईट कशाला करशील?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझं मन भरून आलं. इतका विश्वास आपल्यावर कुणी टाकला की बरं वाटतं.

३० मार्च

मोहीम थांबवली. रद्द हा शब्द वापरत नाहीत, 'पुढे ढकलली' म्हणतात. आधी तयार असलेलं एक छोटं यंत्र जाईल, ते त्या मैदानात खणून बघेल, मग पुढचं पुढे. सहा जणांची तुकडी मोडली. प्रत्येकाला हस्तांदोलन करून घरी पाठवलं.

आईला सांगितल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

१५ एप्रिल

धाकटी घरी येऊन आठवडा झाला. दोन पेट्या, बस्स. एवढ्या वर्षांचा संसार दोन पेट्यांत.

घर भरल्यासारखं वाटतं. ताटं तीन. ऑफिसमधून येताना पायऱ्या चढतानाच मला आतला दिवा दिसतो आणि पाय भराभर पडतात. तिने पळायला जाणं बंद केलंय, चांगलंच आहे, शरीराला किती ताणायचं? दुपारी झोपते, सकाळीही उशिरापर्यंत झोपते. इतक्या वर्षांची झोप साठलेली असणार. पडदे दिवसभर ओढलेले ठेवते, म्हणजे रंग आवडलेला दिसतो.

आईला मात्र उगाच शंका. "ती जेवत नाही ग."

"जेवते की."

"ताट पुढे घेऊन बसते. मी बघते ना."

२ मे

सावल्यांचे फोटो आले. फेरतपासने माझ्या पडद्यावर उघडून ठेवले आणि बाजूला उभा राहिला.

वरची रेघ दिसत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरीने कापल्यासारखी.

"हं," मी म्हटलं.

"वर कळवायचं ना?"

"एका फोटोवरून काही सिद्ध होत नाही."

"फोटो चौदा आहेत."

मी म्हटलं, मला नीट बघू दे. तो गेला नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला, जणू मी पळून जाणार होते. शेवटी मी बाईंना पत्र लिहिलं, नव्या फोटोंत वरची रेघ अधिक स्पष्ट दिसते, नोंद घ्यावी. त्याच्यासमोर पाठवलं. मी लपवलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

संध्याकाळच्या आत बाईंचा फोन आला. "आता कशाला ग हे? निर्णय झालाय, लोक पांगलेत. यंत्र जाणारच आहे, तेच काय ते सांगेल. कुणी जोर लावून भांडलं असतं तर गोष्ट वेगळी. तुला भांडायचंय का?"

मी म्हटलं, "नाही, नोंदीसाठी कळवलं."

घरी आले तर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला सांगितलं नाही. जरा कुठे सावरतेय, उगाच आशा कशाला लावायची? जे होणार नाही त्याची आशा लावणं वाईट.

१८ ऑगस्ट

धाकटीचा वाढदिवस. मी केक आणला. तिने मेणबत्ती फुंकली आणि म्हणाली, "चला, संपलं." आईने पटकन सुरी तिच्या हातात दिली. मी म्हटलं, "संपलं काय, आयुष्य पडलंय पुढे." ती माझ्याकडे बघून हसली. ओठ हसले, बाकीचा चेहरा तसाच राहिला. दमली असावी.

६ ऑक्टोबर

चांगली बातमी. धाकटीला नोकरी लागली, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत. रोज टाक्यांतलं पाणी तपासायचं, औषध कमीजास्त करायचं. घरापासून बस एक. मी तिला चिडवलं, "शेवटी पाणीवालीच झालीस की." ती म्हणाली, "हो ना." मग उठून आत गेली.

तिच्या कपड्यांना आता क्लोरीनचा वास येतो. मला तो स्वच्छ वास वाटतो. आईने एकदा तिचा कोट धुवायला घेतला आणि तसाच हातात धरून बाथरूममध्ये उभी राहिली. मला बघून नळ सोडला.

१७ जून

मधे बरेच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं. सगळं सुरळीत होतं.

यंत्र गेल्या महिन्यात तिथे उतरलं. आज सकाळी खणलं.

सगळे सभागृहात जमलो होतो. पडद्यावर तांबड्या जमिनीत उतरणारं ड्रिल. आधी धूळ, धूळ, नुसती धूळ, तांबूस पिठासारखी. मी श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, आहे कोरडंच. मग ड्रिल अडखळलं. वर आलं तेव्हा त्याच्या टोकाला पांढरं होतं.

मग एकदम सगळे उठले. बाईंनी मला मिठी मारली, खरोखर रडत होत्या. "बर्फ ग, बर्फ! आता माणसं जाणार!" नंतर आकडे आले. यंत्राने स्वतःच्या लहरींनी खालपर्यंत बघितलं होतं. बर्फ वरच्या रेघेपर्यंत सलग. खालच्या रेघेला राखेचा दुसराच थर.

मीही टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला नाही असं नाही. फेरतपास टाळ्या न वाजवता बाहेर निघून गेला. इतक्या मोठ्या दिवशी माणसाने थोडं मन मोकळं करावं, पण काही लोक मुळातच कोरडे असतात.

मी चुकले. इथे लिहून ठेवते. पण चूक आणि मुद्दाम यात अंतर असतं. मी मुद्दाम केलं नाही. हेही लिहून ठेवते, कारण मला कुणी विचारलेलं नाही.

ऑफिसमधून उशिरा घरी आले. ती किती चिडेल, काय काय फेकेल, याची तयारी करत जिना चढले. दार उघडायच्या आत तिने उघडलं. केंद्रातल्या रेडिओवर ऐकलं होतं. कोटसुद्धा काढला नव्हता.

"ताई, बर्फ आहे ग! आहे!" तिने मला गरागरा फिरवलं. आईला खुर्चीसकट हलवलं. तिचा चेहरा, काय सांगू, वर्षभरात मी पाहिला नव्हता तसा. "म्हणजे तिथे पाणी आहे. खरंच आहे. मी नाही तर नाही, कुणीतरी पिणार."

मला रडू आलं. मला वाटलं, सुटले.

मग ती पाणी प्यायला वळली आणि वळता वळता सहज म्हणाली, "कुठपर्यंत आहे?"

मी सांगितलं.

ती थांबली. तिला आकडे तोंडपाठ होते, मला माहीत असायला हवं होतं. "म्हणजे वरची रेघ."

"हो."

"दुपारचे फोटो होते ते. मी तेव्हाच म्हणणार होते. सूर्य खाली आल्यावरचे फोटो कधी आले?"

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. पण आई बघत होती. "मे महिन्यात."

"या मे महिन्यात?"

"गेल्या वर्षीच्या."

तिने भरलेला पेला हातातच धरला. तिचा आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं. "गेल्या वर्षी मे महिन्यात मी घरी होते."

"अग, निर्णय झाला होता. बाई म्हणाल्या, काही उपयोग..."

"ऑगस्टपर्यंत वेळ होता. आम्ही सहाही जण इथेच होतो, या जमिनीवर. मी दारं ठोठावली असती. मी पलीकडच्या खोलीत होते, ताई. तू मला रोज जेवायला हाक मारत होतीस."

मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून. तिने ते ऐकलं का माहीत नाही. तिने पेला ओट्यावर ठेवला, आवाज न करता, आणि खोलीत गेली.

२० जून

ती सकाळी गेली. जुन्या तुकडीतल्या एकीकडे, दुसऱ्या शहरात. पेट्या त्याच दोन. मी स्टेशनपर्यंत येते म्हटलं. "नको," म्हणाली. आरडाओरडा नाही, टोमणा नाही. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मीही बोलले असते, मोकळं झालं असतं.

आई तिच्याबरोबर खाली गेली. गुडघे तसे असूनही जिना उतरून गेली, आणि पुन्हा चढून यायला तिला इतका वेळ लागला की मी खाली बघायला गेले. ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती. मी हात पुढे केला. कठडा धरून ती एकटी उठली.

११ सप्टेंबर

नव्या सहा जणांची निवड झाली. सगळे तरुण. त्यांची पाणीवाली चोवीस वर्षांची आहे, तिला शिकवायला धाकटीला बोलावलंय असं फेरतपासकडून कळलं. धाकटीने होकार दिला. ड्रिल कसं धरायचं, बोटं कशी सांभाळायची, हे ती आता दुसरीला शिकवते. बाईंनी तिथल्या माणसांच्या पहिल्या तळाच्या जागेचं काम मलाच दिलंय. मी पत्रात सगळं स्पष्ट लिहून नकार कळवला होता. त्या म्हणाल्या, "चुका कुणाच्या होत नाहीत?" फार मोठ्या मनाच्या आहेत. मी काम घेतलं.

१३ ऑक्टोबर

रविवार. धाकटी दर रविवारी आईला फोन करते. आज मी घरातच होते, स्वयंपाकघरात. आई बाहेर बोलत होती, मधेच हसली. आई हल्ली फक्त फोनवर हसते. मी गॅस बंद केला, भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून.

"हो, मऊ आहे भात, खाते मी. गोळ्या घेते. हो. कोण? हो, आहे ना घरात. इथेच आहे. देऊ का?"

मी हात पुसले आणि दारापर्यंत आले.

आई फोन कानाला धरून ऐकत होती. मग म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने पुन्हा, "बरं बाळ. नाही सांगत."

तिने फोन ठेवला. मला दारात बघितलं.

"घाईत होती," आई म्हणाली.

"काय सांगू नकोस म्हणाली?"

आईने खुर्चीच्या हातावर तळवे टेकले, उठायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही तशी बसून राहिली. मी पुढे झाले नाही. मला आता माहीत आहे की तिला माझा हात चालत नाही.

"तिने विचारलं," आई म्हणाली, "ताई बरी आहे ना."